पाच दिवसांचा घुसखोर

यंत्रं एकमेकांशी बोलायला लागली त्या दिवशी कारखान्याच्या भिंती पडल्या, आणि देशाची सीमा प्रत्येक मशीनच्या पायाशी येऊन ठेपली.

हे वाक्य माझं आहे. आमच्या सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर ते असतं; मागे पृथ्वीचा निळा गोल आणि गोलावर एक मोठं कुलूप. वाक्य वाचून झालं की मी दोन सेकंद थांबते. समोरचे लोक गंभीर होतात, एखादा वहीत उतरवूनही घेतो. ते मी मुलुंडच्या घरी, गॅसवर दूध ठेवून लिहिलं होतं. दूध उतू गेलं, वाक्य राहिलं.

माझं शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनचं. नोकरीची पहिली पंधरा वर्षं मी अंधेरीपासून अंबरनाथपर्यंतच्या कारखान्यांत तापमान, दाब आणि प्रवाह मोजणारी उपकरणं बसवली. पुढे ती सगळी इंटरनेटला जोडायची लाट आली, तेव्हा मी लोकांना जोडण्याचे फायदे समजावले. मग त्या जोडण्यामुळे कोणीही कुठूनही आत शिरू शकतं हे ध्यानात आलं, तेव्हापासून त्याच लोकांना मी जोडण्याचे धोके समजावते. दोन्ही वेळा त्यांनी माझ्यावर सारखाच विश्वास ठेवला. या दुसऱ्या कामाला औद्योगिक सायबर सुरक्षा म्हणतात.

ज्या कारखान्याची ही गोष्ट आहे तो भांडुप आणि मुलुंडच्या मधे आहे. त्या रस्त्याला पूर्वी कारखान्यांची रांग होती, आता टॉवरची आहे. हा एक मधेच राहून गेलेला. तिथे रेझिन तयार होतं. रेझिन म्हणजे रंगाला चकाकी आणि चिवटपणा देणारी राळ. ती दोन मजली उंच स्टीलच्या भांड्यात शिजते. त्या भांड्याला तिथे सगळे केटल म्हणतात. केटलचं शास्त्र रव्याच्या लाडवाच्या पाकापेक्षा फारसं वेगळं नाही. पाक झाला की उतरवायचा. लक्ष गेलं की लाडू अडकित्त्याने फोडायचे. इथे पाक काही टनांचा असतो, आणि उतरवायचा म्हणजे थंड पाण्याचा व्हॉल्व्ह नेमक्या वेळी नेमका उघडायचा. उशीर झाला तर सगळी बॅच आतच घट्ट होते. त्याला ‘बॅच जेल झाली’ म्हणतात, आणि हे म्हणताना तिथली माणसं आवाज खाली आणतात. त्याहून वाईट म्हणजे ती उसळून वर येते, आणि वर जाळीच्या फलाटावर माणसं उभी असतात.

या कारखान्याच्या परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने कळवलं की तुमची यंत्रणा सुरक्षित असल्याचा अहवाल आणा, नाहीतर माल बंद. म्हणून आम्हाला बोलावलं गेलं. आम्ही म्हणजे मी आणि आमचे डायरेक्टरसाहेब. साहेब पूर्वी ऑफिसांना संगणक विकत असत. आता ते ‘रणभूमी’, ‘अदृश्य शत्रू’ आणि ‘पहिली फळी’ हे शब्द वापरतात आणि कोटाला कुलपाच्या आकाराची पिन लावतात. कारखान्याने आम्हाला बसायला कँटीनचा अर्धा भाग पडदा लावून दिला. साहेबांनी त्याला वॉर रूम असं नाव दिलं. पडद्याच्या पलीकडे बारा वाजता चवळीची उसळ वाढायला सुरुवात व्हायची, त्यामुळे युद्धाच्या सगळ्या चर्चांना फोडणीचा वास असे.

तिसऱ्या दिवशी मला घुसखोर सापडला.

केटल चालवणारा संगणक कारखान्याच्या इतर कोणत्याही जाळ्याला जोडलेला नाही असं आम्हाला लिहून दिलं होतं. ते खरंच होतं. मात्र त्याच्या मागच्या बाजूला धुळीत एक डोंगल खोचलेलं होतं, मोबाइलचं सिम घालून इंटरनेट मिळतं तसलं. संगणकावर दुरून ताबा घेता येईल असं एक सॉफ्टवेअरही होतं. ते लॉकडाउनमध्ये यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने घरी बसून दुरुस्ती करता यावी म्हणून टाकलं होतं. लॉकडाउन उठला, सॉफ्टवेअर राहिलं. आणि त्या सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, तीन वर्षांत तीन वेळा बाहेरून कोणीतरी आत आलं होतं. एका वर्षी ऑगस्टच्या अगदी शेवटी. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. त्याच्या पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दर खेपेस पाच दिवस, आणि मग वर्षभर सामसूम.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पडदा नीट ओढून घेतला.

“दर वर्षी येतो,” ते म्हणाले. “पाच दिवस राहतो. काही चोरत नाही, काही मोडत नाही. बघतो आणि जातो. हे साध्यासुध्याचं काम नाही.”

“पण तारखा दर वर्षी वेगळ्या आहेत, सर. एकदा तीन आठवडे पुढे गेल्यात, एकदा दोन आठवडे मागे आल्यात.”

“हाच तर त्यांचा कावा.”

“आणि दुपारी बारा ते दीड तो कधीच नसतो. संध्याकाळी सात ते साडेआठही नाही.”

“शिफ्ट बदलत असणार त्यांची. टाइम झोन काढा.”

मी टाइम झोनचा तक्ता उघडला आणि दिवसातून दोनदा दीड तास कामकाज थांबवणारा देश शोधू लागले. याची मला अजून लाज वाटते.

एका गोष्टीने मात्र मी खरोखर अस्वस्थ झाले होते. घुसखोराने नुसतं पाहिलं नव्हतं. तीन वर्षांत दोनदा त्याने पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला होता. दोन्ही वेळा तापमान चढत चाललं होतं, कंट्रोल रूममधून काहीच हालचाल नव्हती, आणि याने व्हॉल्व्ह उघडल्यावर बॅच ठिकाणावर आली होती. साहेब म्हणाले, तो हत्याराची धार तपासून बघतोय. असेलही. पण धार तपासायला दोन्ही वेळा त्याने केटल वाचवलीच का, हे मला सुटेना.

ते कोडं बोरिवलीहून आलेल्या फोनने सुटलं. फोन आईचा होता आणि तिचं आमच्या वहिनीशी भांडण चाललं होतं. मुद्दा असा की माझ्या नवऱ्याला चांदीचं निरांजन कोणत्या वर्षी दिलं.

“अगं, अधिक महिना होता ना, त्याच वर्षी,” आई म्हणाली. “तेहतीस अनारसे केले होते मी, तुझा नवरा नुसता बघत बसला होता.”

“कुठलं वर्ष ते काय आठवतंय मला!” मी म्हटलं.

“असं काय करतेस? अधिकामुळे गणपती किती उशिरा आले होते त्या वर्षी! आदल्या वर्षी ऑगस्टातच बसले होते, आणि मग हे सप्टेंबर अर्धा सरल्यावर.”

मी आईला नीट उत्तरही न देता फोन ठेवला. तिने त्याचा अर्थ मी वहिनीच्या बाजूची आहे असा घेतला, पण ती वेगळी गोष्ट. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर दिनदर्शिका होती. गेल्या वर्षीची कपाटाच्या फळीवर पसरलेली होती, त्याआधीची तिच्याखाली. तिन्ही तारखा जुळल्या. चतुर्थीला तो यायचा, पाचव्या दिवशी विसर्जन झालं की जायचा. दुपारी बारा ते दीड नैवेद्य आणि जेवण. संध्याकाळी सात ते साडेआठ आरती. देशाच्या सीमेवर उभा असलेला अदृश्य शत्रू मोदक खाऊन परत कामाला बसत होता.

आता माणूस शोधायला फार वेळ लागणार नव्हता. प्रत्येक ऑपरेटरचं व्हॉल्व्ह उघडण्याचं एक वळण असतं, अक्षराला असतं तसं. बहुतेकजण एकदम वीस टक्के उघडतात आणि मग घाबरून दहावर आणतात. घुसखोराचं तसं नव्हतं. तो आधी अकरा टक्के उघडून थांबायचा, मग आणखी चार, मग आणखी दोन. मी वर्षभराच्या नोंदी काढल्या. अकरा, चार, दोन हे वळण गणपतीचे दिवस सोडून वर्षभर पहिल्या पाळीत दिसत होतं.

पहिल्या पाळीला केटलवर मामा असायचे. त्यांना सगळा कारखाना मामा म्हणे, त्यांच्याहून मोठे दोन वॉचमनसुद्धा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घर भांडुपला आलं आणि मामा विशीत या कारखान्यात लागले. आता अठ्ठावन्नला टेकलेले, चष्मा कपाळावर, हातात कायम एक फडकं. मी सकाळी कंट्रोल रूममध्ये जाऊन त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

“मामा, गणपतीला गावी जाता?”

“जातो म्हणजे? न जाऊन सांगतो कुणाला! आमचा पाच दिवसांचा असतो.”

“आणि तिकडून केटल बघता?”

त्यांनी संगणकाच्या पडद्यावरची नजर काढली नाही. “एक मिनिट हां मॅडम, हिची वेळ झालीय.” व्हॉल्व्ह अकरा टक्के उघडला. ते थांबले, कान दिल्यासारखे. मग चार. मग दोन. पडद्यावरची तापमानाची रेघ वळली तसा त्यांनी चष्मा काढून पुसला. “हां. बघतो.”

“कोणाला विचारून?”

“विचारलं असतं तर नाय म्हणाले असते.”

मी वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि दडवण्यासारखं काही आहे असा त्यांचा सूर नव्हता.

लॉकडाउननंतरच्या पहिल्या गणपतीला ते गावी गेले आणि इकडे बॅच जेल झाली. मामांच्या जागी बसवलेला दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर नियमाप्रमाणे व्हॉल्व्ह उघडत होता. केटल त्या दिवशी नियमाप्रमाणे तापत नव्हती. अकरा दिवस आत छिन्नी-हातोडा चालला. मामा परत आले तेव्हा मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, पुढच्या वर्षीपासून गणपतीला रजा नाही.

“मी म्हटलं, साहेब, गणपती काय बॅच आहे पुढे ढकलायला? सहा घरांचा गणपती आमचा. पूजेला मी बसतो. माझ्यामागे भाऊ, पण त्याचे गुडघे गेलेत, तो पाटावर बसला की उठवायला दोन माणसं लागतात.”

“मग?”

“मग साहेब म्हणाले, जा. पण बॅच जेल झाली तर परत येऊ नको. आणि कसं करणार ते मला सांगू नको.”

कसं करणार याचं उत्तर संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यातच होतं, त्या दुरून ताबा घेणाऱ्या सॉफ्टवेअरचं चिन्ह. लॉकडाउनमध्ये तो इंजिनिअर फोनवर मामांकडूनच नंबर आणि पासवर्ड वाचून घ्यायचा. मामांच्या डायरीत ते होते. जुन्या डोंगलमधलं सिम बंद झालं होतं, त्यांनी स्वतःच्या नावावर नवं घेतलं.

“इकडे ड्यूटीवर असतात त्यांना माहीत होतं?”

“होतं की. माउसचा बाण आपोआप हलायला लागला की खुर्ची मागे घ्यायची, एवढंच सांगून ठेवलेलं. एकजण हातसुद्धा जोडायचा, गाढव.”

“गावात रेंज मिळते?”

“घरात नाय मिळत. वर कातळावर काजूचं एक झाड आहे, तिकडे तीन काड्या येतात. नैवेद्य झाला की मी तिकडे. भाऊ चिडवतो. म्हणतो, ‘तू गणपतीक इलंस काय झाडाक?’”

मला हसू आलं आणि मी ते आवरलं, कारण मी ज्या कामासाठी आले होते ते अजून व्हायचं होतं. मी लॅपटॉप उघडून त्यांना लॉगचं दुसरं पान दाखवलं. ते मी साहेबांनाही दाखवलं होतं, पण त्यात कोणी आत आलेलं नसल्यामुळे त्यांना ते विशेष वाटलं नव्हतं. त्या पानावर फक्त दार ठोठावणारे होते. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून कोणीतरी, बहुधा माणूसही नाही, नुसता एखादा प्रोग्रॅम, त्या संगणकावर पासवर्ड लावून बघत होता. एक चुकला की दुसरा. दिवसाला शेकडो. गणपतीचे पाच दिवस नव्हे, वर्षभर.

मामांनी चष्मा खाली घेतला आणि ओळी बोटाने खाली सरकवत गेले. पान संपेना.

“हे सगळे माझ्या दारात उभे होते?”

“तीन वर्षं.”

“आणि आत आले असते तर?”

“तुम्ही अकरा उघडता, त्यांनी शून्य केला असता. कदाचित त्यांना कळलंही नसतं आपण काय बंद केलं ते.”

त्यांनी काचेतून वर पाहिलं. फलाटावर दोघंजण नमुना काढायची बादली घेऊन उभे होते, एकाने काहीतरी विनोद केला असावा, दुसरा हसत होता. मामा खुर्चीवरून उठले, संगणकाच्या मागे हात घातला आणि डोंगल उपसून माझ्या हातात ठेवलं. ते गरम होतं.

“माझं नाव जाणार ना त्याच्यात?” ते म्हणाले. “रिपोर्टात.”

“जबाबदार व्यक्ती असा एक रकाना आहे.”

“नोकरीची दोन वर्षं राहिली माझी.” फडकं त्यांनी घडी करून टेबलावर ठेवलं. “काढलं तरी चालेल, असं लोक म्हणतात ना अशा वेळी. मी नाय म्हणणार, ताई. मला नाय चालणार.”

तोपर्यंत मी मॅडम होते.

आमच्या धंद्यात एक वाक्य फार चालतं: माणूस हा सगळ्यात कच्चा दुवा. प्रशिक्षणाच्या वर्गात मीही ते म्हणते. त्या दिवशी कँटीनच्या पडद्यामागे बसून मी नोंदी परत वाचल्या तेव्हा दिसलं ते असं: त्या कच्च्या दुव्याने कातळावर उभं राहून दोन बॅच वाचवल्या होत्या आणि बहुधा फलाटावरची माणसंही. आणि त्याच दुव्याने, तेवढ्यासाठी, तीन वर्षं दार सताड उघडं ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अहवालाच्या नमुन्यात एकीसाठीच जागा होती.

मामांना सोडून द्यावं असं मला वाटत होतं, हे मी कबूल करते. पण चांगल्या माणसाने उघडं ठेवलेलं दार वाइटाने उघडं ठेवलेल्या दाराइतकंच उघडं असतं. दाराबद्दल मला पूर्ण लिहायलाच हवं होतं. प्रश्न फक्त नावाचा होता. आणि जितका विचार करावा तितकं मला दिसत गेलं की त्या रकान्यात मामांचं नाव घालणं म्हणजे अहवाल खोटा करणं. एवढ्या मोठ्या कारखान्यात ती केटल नीट ओळखणारा एकच माणूस तयार झाला, आणि तीस वर्षांत कोणालाही दुसरा तयार करावासा वाटला नाही. तो माणूस रजेवर गेला की कारखाना धोक्यात, न गेला की त्याचा गणपती. यात घुसखोरी कुठून सुरू झाली म्हणायचं?

मॅनेजरसाहेबांना हा पेच पडला नाही. ते चाळिशीच्या आतले, नम्र, आणि प्रत्येक वाक्याला एखादी गोष्ट ‘क्लोज’ करणारे होते.

“मॅडम, नाव टाका ना. नाव टाकलं की पॉइंट क्लोज होतो. आम्ही लगेच ॲक्शन घेऊ.”

“कसली ॲक्शन?”

“कडक. गिऱ्हाइकाला कडक लागते.”

“आणि केटल कोण चालवणार?”

“ते बघू नंतर. ते तुमच्या स्कोपमध्ये नाही येत.”

“बरं, टाकते नाव,” मी म्हटलं. “दोन टाकू?”

“दोन कोणती?”

“एक, जो गावाहून बघत होता त्याचं. आणि एक, ज्याने त्याला सांगितलं की कसं करणार ते मला सांगू नको.”

मॅनेजरसाहेबांनी पेनाला टोपण लावलं.

“असं कोण म्हणालं?” त्यांनी विचारलं.

“नाव टाकलं की कळेलच.”

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला, तो थांबेपर्यंत वाट पाहिली. “चहा घेणार?”

“घेते.”

चहा आला. बिस्किटंही आली. नावाचा विषय परत निघाला नाही.

अहवाल मी रात्र न जागवता दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वेळेत लिहिला. डोंगल, सॉफ्टवेअर, ठोठावणारे, उघडे राहिलेले पासवर्ड, बाहेरून फिरवलेला व्हॉल्व्ह, सगळं होतं तसं. ‘जबाबदार व्यक्ती’चा रकाना गिऱ्हाइकाच्या फॉर्ममध्ये रिकामा सोडता येईना, फॉर्म नाव आणि आडनाव दोन्ही मागत होता. मी नावाच्या जागी इंग्रजीत ‘पर्यायी’ लिहिलं आणि आडनावाच्या जागी ‘मनुष्यबळाचा अभाव’. फॉर्मने ते स्वीकारलं. परदेशात त्यांना कोणत्या गावचे हे, असा प्रश्न पडला असेल तर त्यांनी तो विचारला नाही.

शिफारशी तीन होत्या. पहिली, ते दार कायमचं बंद करा. दुसरी, केटल सांभाळतील असे आणखी दोन ऑपरेटर मामांच्या हाताखाली तयार करा. तिसरी, ते तयार होईपर्यंत गणपतीच्या पाच दिवसांत केटल चालवूच नका. वार्षिक दुरुस्तीचा शटडाउन दिवाळीऐवजी तेव्हा घ्या, म्हणजे ज्याला जायचं तो निर्धास्त जाईल. हे शेवटचं वाक्य मी लिहिलं आणि मग खोडलं, कारण सुरक्षेच्या अहवालात निर्धास्त हा शब्द शोभत नाही. खोडायला नको होतं असं आता वाटतं.

आमचे डायरेक्टरसाहेब दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. त्यांच्या हातून एक आख्खा शत्रुदेश गेला होता. नंतर ते सावरले. हल्ली त्यांच्या भाषणात ‘हंगामी हल्लेखोर’ नावाचा एक नवा प्रकार असतो. त्याचं वर्णन ते इतक्या थरारकपणे करतात की मागे बसून ऐकताना मलाही जरा भीती वाटते.

गिऱ्हाइकाने अहवाल मान्य केला. मामांची नोकरी राहिली. पहिली शिफारस मी स्वतः तपासून आले: संगणकाच्या मागे फक्त धूळ होती. तिसरी शिफारस मॅनेजरसाहेबांना फारच आवडली. त्यांनी ती नोटीस बोर्डावर माझ्या नावानिशी लावली, शटडाउनच्या तारखांसकट. दुसरीबद्दल विचारलं तर ती विचाराधीन आहे असं कळलं.

पुढच्या वर्षी गणपती पुन्हा ऑगस्टच्या शेवटी आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. तो बोळवून दुसऱ्या दिवशी सकाळी घर आवरताना मला मामांची आठवण झाली, आणि मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“गणपती बाप्पा मोरया, मामा. पोचलात ना?”

“पोचलो की. सकाळी सातलाच.”

“आज रेंज छान आहे. कातळावर बसलाय वाटतं?”

“रेंज असणारच. कारखान्यात आहे मी.”

मागून ठण् ठण् असा आवाज येत होता. मला आधी तो झांजांचा वाटला.

“म्हणजे? शटडाउन आहे ना?”

“शटडाउन आहे म्हणूनच तर. केटल रिकामी असते तेव्हाच आतून खरवडून घेता येते, ताई. माणसं उतरवलीत आत. मी तोंडाशी उभा आहे.”

“आणि पूजा?”

“भाऊ बसला. उठवला दोघांनी धरून. आरती मोबाइलवर बघितली मी. ते लोक व्हिडिओ काढतात आणि झाडाखाली जाऊन पाठवतात. तासाभराने येते.” मग कोणावर तरी ओरडले, “अरे बाबा, हळू! आतलं पॉलिश नाय जाता कामा!” आणि परत माझ्याशी, “ठेवतो हां. तुमच्याकडचे मोदक राहिले बघा.”

मी लगेच मॅनेजरसाहेबांना फोन केला. ते घरी होते. मागे आरती चालू होती. त्यांनी शांतपणे समजावलं की केटलच्या आत माणूस उतरवायचा तर सुरक्षेच्या परवान्यावर अनुभवी ऑपरेटरची सही लागते, आणि तसा ऑपरेटर, मॅडम, तुम्हीच अहवालात लिहिलंय, आमच्याकडे एकच आहे. मी म्हटलं, मग पहिल्या दिवशी सही घेऊन त्यांना गावी सोडायचं होतं. त्यांनी मला नियम वाचून दाखवला. नियम बरोबर होता. परवान्याची मुदत आठ तास असते.